जुनी मापं

सरकारी कागद दिसला की आमचे मास्तर तो उभ्यानेच वाचतात. साथीच्या चौथ्या महिन्यात शिंप्यांना दुकानं उघडायची परवानगी मिळाली, तेव्हा पालिकेचा माणूस येऊन दारावर कागद चिकटवून गेला. आमच्या बाजूच्या दुकानांनी फक्त विषम तारखांना उघडायचं, दुपारी दोनला बंद करायचं आणि गिऱ्हाइकाला हात लावायचा नाही. मास्तरांनी तो दोनदा वाचला, गळ्यातली टेप काढली आणि खिळ्याला अडकवली. हात न लावता माप कसं घ्यायचं, दुर्बीण लावून? असं मी विचारलं. पण आमच्याकडे माझं ऐकतो कोण!

मास्तर म्हणजे माझे हे. कापणं आणि मशीन त्यांच्याकडे, काज-बटणं, हातशिलाई आणि लोकांशी भांडणं माझ्याकडे. तीन मशिनी होत्या, त्यातल्या दोन त्या चार महिन्यांत विकल्या. दुकान उघडलं तरी येणार कोण? शाळा बंद, लग्नं पन्नास माणसांत, ऑफिसवाले घरात चड्डीवर बसून मीटिंगा करणारे. त्यांना नवी पँट हवीय कशाला? जखम मांडीला आणि मलम शेंडीला, तशातली ती परवानगी.

माझ्या भावाने मास्तरांसाठी एका गोदामात रखवालदाराची जागा बघून ठेवली होती. गणवेशसुद्धा आणून दिला, कंबर चौतीस, आठवणीतल्या मापाने. मास्तरांनी तो उलगडूनही पाहिला नाही, कपाटावर ठेवून दिला. सव्वीस वर्षं दुसऱ्यांचे गणवेश शिवलेला माणूस तो. मलाही त्यांना गोदामाच्या दारात काठी घेऊन उभं राहिलेलं बघायचं नव्हतं. पण आठवडाभरात काम आलं नाही, तर हो म्हणण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

तेवढ्यात चौकातल्या मोठ्या हॉटेलचा मॅनेजर आला. हॉटेलांना अर्ध्या टेबलांची परवानगी मिळाली होती. बावीस वेटरांपैकी अकरांना परत बोलावलं होतं, त्यांना नव्या पँटी आणि जाकिटं हवी होती. उद्घाटनाला सगळे तरतरीत दिसले पाहिजेत, म्हणाला, जो मरगळलेला दिसेल त्याला मी आल्या पावली घरी पाठवीन, गिऱ्हाइकं आजाराला घाबरतात. काम पसंत पडलं तर टेबलक्लॉथ, पडदे, ॲप्रन, सगळं वर्षभर आमच्याकडे. मुदत नऊ दिवस, त्यातले उघडे पाचच.

मास्तर म्हणाले, पोरांना बोलावतो, काउंटरपलीकडे उभे करून नजरेने माप घेतो. त्यांची नजर आहे तशी. पण मला घाई झाली होती. एवढा वेळ आहे का, मी म्हटलं, याच अकराजणांचे कपडे गेल्या वर्षी शिवलेत, वहीत मापं आहेत, काढा वही आणि कापा. माणूस न बघता कापणं मास्तरांना कधी जमलं नाही. तरी त्यांनी वही काढली. जन्मात एकदा माझं ऐकलं, तेही नेमकं नको तिथे.

घालून बघायला पहिला आला तो आबा, तिथला सगळ्यात जुना वेटर. पडद्याआडून बाहेर आला तो पँट मुठीत धरून. त्याच्यामागून आला तो भोपळ्या. वहीत त्याचं हेच नाव लिहिलेलं आहे, कंबर बेचाळीस. त्याच्या पँटीत आणखी एक माणूस मावला असता. अकराच्या अकरा सैल. मास्तर कापताना चुकले असं वाटून मी तोंड उघडणार, एवढ्यात माझं लक्ष त्यांच्या बारीक झालेल्या मानांकडे गेलं. चार महिने पगार नाही, टीप नाही. ज्यांनी लोकांना ताटं भरून वाढली, ते स्वतः काय खात होते देव जाणे. आणि मी वही काढायला सांगत होते. मला माझीच लाज वाटली.

"वहिनी, मॅनेजरला यातलं काही कळू देऊ नका," आबा हळूच म्हणाला. "सैल दिसलं तर म्हणेल, हे आजारी आहेत."

उद्घाटन परवावर आलेलं आणि मधला दिवस सम तारखेचा, म्हणजे दुकान बंद. मास्तरांनी खिळ्यावरची टेप काढून गळ्यात घातली आणि उद्या एकेकाने मागच्या दाराने यायला सांगितलं. पोलीस दिसला की रस्ता बदलणारा हा माणूस!

दुसऱ्या दिवशी शटर खाली, उजेड मागच्या खिडकीतून येईल तेवढाच. तोंडाला मास्क, श्वास रोखून मास्तर एकेकाला माप लावत होते आणि मी वहीत जुन्या आकड्यापुढे नवा लिहीत होते. छत्तीसपुढे एकतीस. बेचाळीसपुढे चौतीस. मी टाके उसवायचे, मास्तर टीप मारायचे. रस्त्यावरून घरातच थांबा म्हणणारी भोंग्याची गाडी गेली, तेवढा वेळ मशीन बंद ठेवली. आबाच्या पँटीतलं जास्तीचं कापड छाटायला मी कात्री उचलली, तर त्याने माझा हात धरला.

"कापू नका वहिनी. आत राहू दे. परत लागेल."

मग अकराही पँटींत कापड तसंच आत ठेवलं.

मॅनेजरने सगळ्यांना गोल फिरवून पाहिलं आणि खूश झाला. हात न लावता इतकं अचूक कसं जमतं, असं त्याने मास्तरांना विचारलं. मास्तर गळ्यातली टेप काढून खिशात घालू लागले. चाळीस टेबलक्लॉथांचं काम कबूल झालं, आणि मी भावाला फोन करून नको म्हणून सांगितलं. त्या दिवशी मास्तर जेवताना शीळ घालत होते. एरवी मी ओरडले असते.

उद्घाटनानंतर अकराव्या दिवशी नवा हुकूम आला, हॉटेलं पुन्हा बंद. टेबलक्लॉथचं कापड अजून आमच्याकडे पोचलंही नव्हतं. आबा आला, रस्त्यावरूनच सांगितलं आणि तसाच निघून गेला. मी गुमान भावाला परत फोन लावला. जागा रिकामी होती, तेवढंच नशीब.

मास्तरांनी कपाटावरचा गणवेश काढला आणि आतल्या खोलीत जाऊन घातला. बाहेर आले ते पँट मुठीत धरून. मी टेप लावली. तीस. मी दोनदा लावून बघितली. रोज माझ्यासमोर बसून जेवणारा माणूस, भूक नाही म्हणून अर्धं माझ्या ताटात सरकवायचा आणि मी ते खात होते. वही बघून मापं काढणारी मी, मला घरातलं माप कळलं नाही. मी रडले, अगदी उघड रडले.

मास्तरांनी पँट काढून दिली. मी कंबर उसवली, नवी खूण केली आणि सवयीने कात्री उचलली.

"कापू नकोस," मास्तर म्हणाले. "आत राहू दे."

मी कापड आत दुमडलं आणि हातानेच टीप घातली. सकाळी सातला त्यांची पहिली पाळी होती.