चपलांचा दगड

टाकव्याच्या वरच्या रानातली ती सायकलची वाट माझी. म्हणजे सातबारा काही माझ्या नावावर नव्हता, पण नऊ वर्षं दर रविवारी तळेगावहून येऊन फावड्याने एकेक वळण मीच घडवलं होतं. शाळेत विज्ञान शिकवणारा माणूस एरवी इतका खुळा नसतो.

यंदा वनहक्क कायद्याखाली त्या रानाची राखण गावसभेकडे आली. सभेने ठरवलं, जुन्या वहिवाटीच्या वाटा तेवढ्या खुल्या, बाकीच्या बंद. देवराईतला झरा गाळाने भरत चालला होता. गाळ कुठल्या उतारावरून येतो हे मला चांगलं ठाऊक होतं. तरी माझी वाट सोडायला मन तयार होईना.

जुनी वाट ओळखायची गावची खूण सोपी आहे. देवराईत कोणी पायताण घालून जात नाही, म्हणून राई सुरू होते तिथे प्रत्येक जुन्या वाटेवर चपला काढून ठेवायला एक दगड असतो. माझ्या वाटेवर अर्थातच नव्हता. गावसभेची समिती वाटांची पाहणी करायला येणार, त्याच्या आदल्या दिवशी मी ओढ्यातून एक चपटा दगड आणून तिथे बसवला. वर थोडं शेवाळही लावलं. अक्कल अशा वेळी बरोबर चालते!

पाहणीला समितीची पाच माणसं आली. पुढे अध्यक्ष भागुबाई, सत्तरीच्या, पण चढ चढताना मला मागे टाकणाऱ्या.

"आगं बया, हितं बी दगड हाय व्हय?" म्हणत त्यांनी चपला काढून त्यावर ठेवल्या. मागच्या चौघांनीही ठेवल्या. मला हायसं वाटलं आणि "या, इकडून" म्हणत मी राईत शिरलो.

दहा पावलांवर लक्षात आलं, मागे कोणी येत नाहीये. वळून पाहिलं. पाचही जण अनवाणी उभे होते आणि माझ्या पायांकडे बघत होते.

माझ्या पायांत बूट होते. नऊ वर्षांत त्या जागी मी एकदाही थांबलो नव्हतो, तर आज पाय कसे थांबणार?

मेल्याहून मेल्यासारखं झालं. परत येऊन मी बूट काढले.

"मावशी, ही वाट मी केलीय. दगड कालचा आहे. आणि झऱ्यातला गाळही माझ्याच वाटेचा."

"ठावं हाय," भागुबाई म्हणाल्या. "सर, तुमी सांगताय का, त्येवढंच बघायचं हुतं."

पुढच्या रविवारी सायकल घरी ठेवून फक्त फावडं घेऊन गेलो. वळणावळणावर दगडांचे बांध घातले, करवंदीचे काटे पसरले. नऊ वर्षांचं काम दुपारपर्यंत मोडलं. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? बघायला आलेल्या भागुबाईंना विचारलं, "हा दगडही काढून टाकू?"

"आसू द्या की," त्या म्हणाल्या. "झऱ्यातला गाळ काढाया याल, तवा बूट कुटं ठेवाल?"