धवलेरीने लावलेला सिनेमा

आमच्या सिनेमाचं पान विश्वकोशातून काढणार, अशी सूचना मोबाइलवर आली आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी दिग्दर्शक. फोनवर काढला म्हणून काय झालं? यूट्यूबवर तीन लाख लोकांनी पाहिलाय. शिवाय कैनाडच्या आमच्या पाड्याचं नाव जगात कुठे छापून आलं असेल, तर त्या एका पानावर.

इंटरनेटवरच्या त्या विश्वकोशाच्या संपादक सुषमाताई, बोर्डीच्या निवृत्त शिक्षिका. त्या हट्टाला पेटलेल्या. "शितल, बघणारे मोजू नकोस. तुमच्या मंडळींबाहेरच्या कुणी, पेपरात वगैरे, यावर लिहिलंय का? दाखवायला सात दिवस आहेत."

मी लग्नाचा दाखला घेऊन त्यांच्या घरी गेले.

त्याचं असं झालं होतं. सिनेमातल्या लग्नाला आम्ही जिवलीआजीला आणलं. ती खरीखुरी धवलेरी, म्हणजे आम्हा वारल्यांची लग्नं गाऊन लावणारी. नवरा-नवरी संदीप आणि प्रगती. नऊ वर्षं एकत्र नांदतायत, दोन पोरं, लग्न तेवढं राहून गेलेलं. दोन ओळी झाल्यावर मी "कट" म्हटलं. आजी थांबेना.

"देवीला बोलावलंय. अर्ध्यातून कशी धाडू?"

तीन तास गायली. लग्न लागलं ते लागलंच, पुढे पंचायतीत नोंदही झाली.

दाखला वाचून सुषमाताई म्हणाल्या, "हा लग्नाचा पुरावा झाला, सिनेमाचा नाही."

सातव्या दिवशी पान उडालं. मी रडले, खोटं कशाला सांगू.

पण लोकांना त्या पानाशी काय देणंघेणं? तलासरीहून शुक्रा आणि भिकी आले, तेही असेच बिनलग्नाचे नांदणारे. "आमचंबी शूटिंग करा." मग अच्छाडचं एक जोडपं आलं. होळीपर्यंत चौदा लग्नं लागली. मी "कट" म्हणायचं सोडूनच दिलं. डहाणूच्या एका साप्ताहिकाने त्यावर लिहिलं, मग मुंबईच्या एका दैनिकाने, आणि दोघांनीही सुरुवात आमच्या सिनेमापासून केली. सुषमाताईंनी स्वतः पान परत आणलं. फोनही त्यांनीच केला.

जिवलीआजीला मी सांगितलं, ही सगळ्या जगाची वही आहे. मग पान वाचून दाखवलं.

"चौदा जोडप्यांची नावं कुठंत?"

"आजी, एवढी नावं तिथे घेत नाहीत."

"मंग कसली जगाची वही ती," आजी म्हणाली, आणि पहिल्या जोडप्यापासून एकेक नाव घ्यायला लागली. मी फोन काढून रेकॉर्डिंग सुरू केलं.