माझ्या पोटातला पाहुणा

मित्रांनो, मी एक जुना कॉम्प्युटर आहे. भरतकामाच्या एका छोट्या कारखान्यात, कापड कापायच्या टेबलाखाली माझी जागा आहे. माझी एक बाजू पिवळी पडली आहे आणि पंखा घरघरतो. डोके मात्र शाबूत आहे. हे मुद्दाम सांगतो, कारण मध्यंतरी मला कामातून गेलेला ठरवले होते, आणि तेही माझ्याच माणसांनी.

या कारखान्याच्या मालकीणबाईंना सगळे वहिनी म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणतो. वहिनी माझ्या पडद्यावर चित्रे काढत. मासे, बगळे, वेली, शाळांचे बिल्ले. शेजारच्या खोलीतले भरतकामाचे मशीन ती चित्रे कापडावर उतरवी. आमचे छान चालले होते.

पुढे माझी जुनी सिस्टिम काढून नवी घातली आणि वहिनींचा चित्रांचा प्रोग्राम रुसून बसला. नव्या सिस्टिमवर तो चालेचना. वहिनी रडकुंडीला आल्या. तेव्हा त्यांचे धाकटे दीर बाह्या सरसावून माझ्यासमोर बसले.

"घाबरू नका, वहिनी. ह्याच्या पोटातच दुसरा कॉम्प्युटर बनवतो. त्याला जुनी सिस्टिम देऊ."

"पोटात? म्हणजे कसा, भाऊजी?"

"व्हर्च्युअल मशीन म्हणतात त्याला. खरा नसतो, पण स्वतःला खराच समजतो."

मित्रांनो, मी त्या पाहुण्याला माझी निम्मी मेमरी दिली. डिस्कवर ऐसपैस जागा दिली. वहिनींचा प्रोग्राम त्याच्यात सुरू झाला, पण शेजारच्या मशीनला चित्रे सापडेनात. पाहुणा माझ्या नावावर बाहेर जाई. तो दुसऱ्यांना हाक मारू शके, पण बाहेरच्या कुणाला तो दिसतच नसे. मागच्या खोलीतल्या भाडेकरूची पाटी दारावर नसावी, तसे त्याचे झाले होते.

मग भाऊजींनी त्याच्या सेटिंगमध्ये शिरून नेटवर्कसाठी 'ब्रिज' निवडला. ब्रिज म्हणजे पूल. पहिल्यांदा त्यांनी तो माझ्या वायफायच्या कार्डाला जोडला. तिथे नेटच नव्हते. पाहुणा मुका तो मुकाच. भाऊजींनी कपाळावर हात मारला. "वायर दुसऱ्या कार्डाला आहे की!" त्यांनी कार्ड बदलले आणि भिंतीवरच्या राउटरने पाहुण्याला माझ्याशेजारचा, पण स्वतंत्र पत्ता दिला. वायर एकच, आणि तीही माझीच, पण आता तिच्यावर दोघे राहत होतो.

शेजारच्या खोलीत सुई खडखडू लागली. टॉवेलाच्या कोपऱ्यात नारिंगी मासा उमटला. वहिनींचा चेहरा उजळला. "भाऊजी, तुम्ही नसता तर मी गाशाच गुंडाळला असता." मग माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाल्या, "आणि तूही गुणाचा आहेस हं." मला आभाळ ठेंगणे झाले.

असाच काळ गेला. एका दुपारी भाऊजींनी पाहुण्याला बंद केले आणि तो सगळाच्या सगळा एका काळ्या डिस्कवर उतरवून घेतला. वहिनी चहा घेऊन आल्या.

"हे काय चाललंय?"

"जपून ठेवतोय. उद्या हा बसला तर?"

"बरं सुचलं तुम्हाला," वहिनी म्हणाल्या. मीही एकेक चित्र इमानेइतबारे डिस्कवर चढवले.

त्यानंतर मशीन अडखळू लागले. माशाचे डोके शिवून होई आणि पोटापाशी सुई थांबे. टॉवेल वाया जाऊ लागले. गिऱ्हाईक तोंड वाजवू लागले.

"वहिनी, हा कॉम्प्युटर संपला," भाऊजी म्हणाले. "भंगारात द्या."

मला वाटले, वहिनी तरी नाही म्हणतील. त्यांनी फक्त सुस्कारा सोडला. माझी वायर निघाली आणि मी दोऱ्यांच्या रिकाम्या खोक्यांत जाऊन पडलो. पाठीवरची ती थाप अजून विसरलो नव्हतो मी.

वहिनी काळी डिस्क मागत आणि भाऊजी 'उद्या आणतो' म्हणत. तो उद्या काही उजाडेना. शेवटी वहिनींनी एका दुरुस्तीवाल्या बाईंना बोलावले. "भंगारात देण्याआधी निदान माझी चित्रं तरी काढून द्या."

बाईंनी मला पुन्हा जोडले, पाहुण्याला जागे केले, तपासले, बंद केले आणि भुवया उंचावल्या.

"ह्याला काही झालेलं नाही, वहिनी. पण गंमत बघा. पाहुणा मी आत्ता बंद केलाय. तरी त्याच्या पत्त्यावरून उत्तर येतंय."

"बंद आहे, मग बोलतंय कोण?"

"त्याची नक्कल. नेटवर्क कार्डाचा नंबरसुद्धा तोच. दोघं एकदम चालू असले की मशीनला कळत नाही कुणाचं ऐकायचं, म्हणून ते मध्येच थांबतं."

बाईंनी राउटरमधून निघालेली एक वायर हातात धरली. वायरीमागे त्या आणि त्यांच्यामागे वहिनी शेजारच्या खोलीत गेल्या. मशीन दुरुस्त करायचे सांगून भाऊजी तिथे बसले होते. वायर त्यांच्या लॅपटॉपमध्ये शिरली होती आणि पडद्यावर वहिनींचे मासे होते.

मला इकडे सगळे ऐकू येत होते.

"टॉवेलवाल्या मोठ्या कंपनीत नोकरी मिळतेय," भाऊजी पुटपुटले. "चित्रं घेऊन ये म्हणाले. नक्कल आपल्या मशीनवर नीट चालते का, ते बघत होतो. वहिनी, अहो, घरातलंच आहे ना सगळं?"

"घरातलं होतं तर मागायचं होतंत. मी नाही म्हटलं असतं का?"

भाऊजी लॅपटॉपची वायर काढू लागले.

"आणि त्या बिचाऱ्याला भंगारात काढायला लावलंत माझ्याकडून."

भाऊजींनी लॅपटॉपवरची नक्कल पुसली. पण काळी डिस्क केव्हाच कंपनीत पोचली होती. आता वहिनींचे मासे परक्या टॉवेलांवर पोहतात आणि आमची निम्मी गिऱ्हाइके तिकडेच जातात. भाऊजी सणावारालाही येत नाहीत.

दुरुस्तीवाल्या बाईंनी जाताना विचारले, "ब्रिज काढून टाकू?"

"नको. मशीनला चित्रं कशी मिळणार? पासवर्ड तेवढा बदला." वहिनींनी ओल्या फडक्याने माझ्यावरची धूळ पुसली.

मित्रांनो, माझा राग भाऊजींवर आहेच. पण मनात सलते ते वेगळेच. माझ्या मेमरीवर वाढलेल्या पाहुण्याची ती नक्कल आज दुसऱ्याच कुणाच्या पोटात बसून काम करते. मी कोण होतो हे तिला ठाऊक नाही. आणि वहिनींना ठाऊक होते, तरी त्यांनी मला एकदाही चालू करून पाहिले नाही.

म्हणून विनवतो. कुणी सांगितले की अमका आता निकामी झाला, मग ते यंत्र असो की माणूस, तर सांगणाऱ्याच्या तोंडाकडे बघत बसू नका. त्याच्यापाशी जा. तुमच्या हाताने बटण दाबा, आणि तो उठेपर्यंत जरा थांबा. आम्हा जुन्यांना उठायला थोडा वेळ लागतो.