एकावन्नावी सही

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कामगारांचं मंडळ चौथ्या मजल्यावर होतं आणि त्या इमारतीची लिफ्ट तीन वर्षं बंद होती. शहरभरच्या लिफ्ट चालत्या ठेवणारे हे लोक, पण स्वतःच्या दारातल्या लिफ्टला हात कोणी लावायचा यावर घोडं अडलेलं. मालक म्हणे मंडळाने करावी, मंडळ म्हणे मालकाने. निवृत्त सभासद गुडघे सांभाळत घरीच बसत आणि दर सभेला कोरमची बोंब होई. मग गैरहजर माणसाची सही त्याच्या घरचं कोणीतरी ठोकून देई. सगळ्यांना ठाऊक होतं, आणि कोणाला त्याचं काही वाटतही नव्हतं.

सभेला चहा करणाऱ्या बाईचा नवरा इथलाच जुना मेकॅनिक. दोन वर्षांपूर्वी कामावर असतानाच छातीत कळ आली आणि खेळ खलास. त्याच्या हेल्परने त्याला खांद्यावर टाकून सात मजले खाली आणलं होतं, पण उपयोग झाला नाही. महिन्याभराने ती मृत्यूचा दाखला घेऊन मंडळात गेली, तर सेक्रेटरींनी तो हातातसुद्धा घेतला नाही.

"वहिनी, माणूस गेला म्हणून लगेच नाव पुसायचं? राहू द्या. सभेला तुम्ही असताच, त्यांची सही तेवढी करत जा."

तिला भरून आलं होतं. त्यानंतरच्या चार सभांना तिने सही केली, अगदी त्याच्यासारखं शेवटचं अक्षर वर ओढून. खरं सांगायचं तर तिला ते आवडायचं. त्याचं नाव लिहायला दुसरी जागा तरी कुठे उरली होती?

यंदा लेकीचा नर्सिंगला नंबर लागला. सभासदांच्या मुलांना मंडळाची शिष्यवृत्ती होती, अर्ध्या फीची; सभासद दिवंगत असेल तर पूर्ण फीची. लेकीने अर्ज केला आणि तो आठवड्यात परत आला. बाई तडक सेक्रेटरींकडे गेली.

"दाखला खरा आहे हो," ते चष्मा पुसत म्हणाले. "पण रजिस्टरप्रमाणे ते मागच्या सभेला हजर होते. मेलेला माणूस हजर कसा, असं उद्या कोणी विचारलं तर मी काय तोंड दाखवू?"

"मग जिवंत सभासदाची मुलगी म्हणून द्या, भाऊजी."

"त्या अर्जावर सभासदाने स्वतः सही करायची असते."

"करते की मी. आजवर चाललीच ना?"

"वहिनी, काहीतरीच काय! ती फसवणूक होईल."

हे त्यांनी इतक्या मनापासून म्हटलं की तिला क्षणभर स्वतःचीच लाज वाटली, आणि घरी पोचेपर्यंत त्या लाजेचा संताप झाला. लेकीला तिने एवढंच सांगितलं, "यंदा म्हणे पैसे कमी आहेत." कारण सांगायला तिची जीभ रेटेना.

"मीच विचारते सभेत," लेक म्हणाली. आईला शोभेल असाच तिचा हट्ट.

सभेच्या दिवशी लेक अर्ज मांडीवर घेऊन शेवटच्या खुर्चीत बसली. अकरा मुलांच्या शिष्यवृत्त्या मंजूर व्हायच्या होत्या. त्यांत हेल्परचा मुलगाही होता. सेक्रेटरींनी सह्या मोजल्या. पन्नास. हव्या होत्या एकावन्न. सभा बारगळली तर नव्याने बोलवायला दोन महिने, आणि तोवर सगळ्यांच्या फीची तारीख उलटून जाणार.

रजिस्टर चहाच्या टेबलावर येऊन पडलं.

"वहिनी, तेवढी त्यांची सही..." सेक्रेटरी हळूच म्हणाले. "अकरा पोरांचा प्रश्न आहे."

तिला ते रजिस्टर त्यांच्या टाळक्यात हाणावंसं वाटलं. तिने हेल्परकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत राहिला. त्याच खांद्यावरून तिचा माणूस खाली आला होता. तिने पेन उचललं आणि सही केली.

मान वर केली तर लेक शेजारी उभी. कप उचलायला आली होती बिचारी.

"आई, ही बाबांची सही आहे."

बाईने पेन खाली ठेवलं.

"दर वेळी तूच करतेस?"

तिने मान डोलावली. लेकीने हातातला अर्ज पाहिला, मग रजिस्टर. हुशार पोर, तिला काही समजवावं लागलं नाही.

"कोरम पूर्ण," सेक्रेटरींनी जाहीर केलं. "प्रथम दिवंगत सभासदांना श्रद्धांजली." पाच नावं वाचली, त्यांत तिच्या नवऱ्याचं नव्हतं. सगळे उठले, माना खाली गेल्या, हॉल चिडीचूप झाला.

त्या शांततेत लेकीच्या चपला जिन्यावरून खाली निघाल्या. तिसरा मजला, दुसरा, पहिला. सगळं ऐकू येत होतं. बाईला धावत मागे जावंसं वाटलं. पण गेलेल्यांसाठी सगळे उभे होते, म्हणून तीही तशीच उभी राहिली.