भूगर्भशास्त्राची गैरहजर विद्यार्थिनी

प्रवेश विभागाच्या प्रमुख बाईंना सगळं विद्यापीठ 'प्रवेशबाई' म्हणायचं आणि त्यांनाही ते आवडायचं. त्यांच्या मंजुरीशिवाय तिथे कुणाला विद्यार्थी होता येत नसे. म्हणूनच त्या स्वतःच विद्यार्थिनी होऊन बसल्या, तेव्हा त्यांना ते पटता पटेना.

त्याचं असं झालं. विद्यापीठाने नोंदणीसाठी नवी संगणक प्रणाली आणली होती. जुनी पार थकलेली, भर गर्दीत डुलकी काढणारी. पण तिच्या सगळ्या खोडी विभागाला तोंडपाठ होत्या. नवी शिकवायला कंपनीने एक माणूस पाठवला. इस्त्रीचा शर्ट, गोड हसू आणि कुठल्याही अडचणीवर एकच उत्तर, "ते दुसऱ्या टप्प्यात येईल." छापील पावती दुसऱ्या टप्प्यात. चुकलेलं नाव दुरुस्त करायची सोय, तीही दुसऱ्या टप्प्यात. दुपारपर्यंत विभागाने त्याचं नाव 'टप्पेसाहेब' ठेवून टाकलं.

टप्पेसाहेबांनी प्रत्येकाला सरावासाठी एकेक विद्यार्थी भरायला सांगितलं. प्रवेशबाईंना भूक लागली होती. खोटं नाव शोधत कोण बसतंय, म्हणून त्यांनी स्वतःचंच टाकलं. यादीत सगळ्यात वर भूगर्भशास्त्र होतं, ते निवडलं. पुढे पालकाचा मोबाइल नंबर मागितला, तिथे गाडी अडली.

"अहो, माझी निवृत्ती जवळ आली. मला कसला पालक?"

"पालकाशिवाय पुढचं पान उघडत नाही मॅडम. वयाची अट दुसऱ्या टप्प्यात आहे."

नवऱ्याचा फोन बंद होता. राहता राहिल्या घरी सासूबाई. त्यांच्या फोनवर ओटीपी गेला, त्यांनी चष्मा लावून एकेक आकडा वाचून दाखवला, पडद्यावर हिरवी खूण उमटली आणि प्रवेशबाई जेवायला गेल्या.

सरावाची ही नावं नंतर काढून टाकायची होती. ती काढायची सोय कुठल्या टप्प्यात होती, ते वेगळं सांगायला नको.

वर्ग सुरू झाले, तशी एके संध्याकाळी बाई दारात चपला काढतायत तोच सासूबाईंनी विचारलं, "आज दिवसभर कुठे होतीस गं?"

"ऑफिसात. दुसरीकडे कुठे असणार?"

"विद्यापीठ म्हणतं, नव्हतीस." त्यांनी फोन पुढे केला. 'आपली पाल्य आज तासाला अनुपस्थित होती. कृपया लक्ष द्यावे.'

बाई खो खो हसल्या आणि काय घोळ झाला ते सगळं सांगितलं. सासूबाईंनी मान डोलावली. पण 'कृपया लक्ष द्यावे' असं आजवर त्यांना कुणी लेखी कळवलं नव्हतं. त्यांना येणारे मेसेज म्हणजे 'आता रिचार्ज करा' नाहीतर 'आपणच भाग्यवान विजेते'. त्यांनी मनापासून लक्ष द्यायला घेतलं.

"आज खनिजांचं प्रात्यक्षिक होतं. तेही बुडवलंस."

"आई, मी विद्यार्थिनी नाहीये हो!"

"ते मला माहितेय. पण बुडलं ते बुडलंच ना?"

नवऱ्याला तर आयतीच करमणूक मिळाली. "आई, हिचं दप्तर तपास एकदा," म्हणून तो टाळ्या पिटायचा. पण आईने फोनवर ओटीपी सांगितला होता हे कळल्यावर त्याचं हसू मावळलं आणि त्याने तिला समोर बसवून लांबलचक व्याख्यान दिलं. ओटीपी म्हणजे घराची किल्ली. फोनवर कुणालाही सांगायचा नाही. आवाज ओळखीचा वाटला तरी नाही.

मग उशिराच्या प्रवेशांचा दिवस उजाडला. रांग जिन्यावरून खाली फाटकापर्यंत पोचली होती. प्रवेशबाईंनी अर्ज मंजूर करायला पान उघडलं, तर लाल चौकट आली, 'विद्यार्थ्यांना या पानावर प्रवेश नाही.'

त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. टप्पेसाहेब धावत आले, पडद्याकडे बघत राहिले आणि पहिल्यांदाच हसायचे विसरले. "एकाच व्यक्तीला विद्यार्थी आणि अधिकारी राहता येत नाही मॅडम. काल रात्रीपासून तसा नियम लागू झालाय. तुमचं नाव कमी करावं लागेल. त्यासाठी पालकांची संमती हवी."

बाईंनी घरी फोन लावला. "आई, आता एक ओटीपी येईल, तेवढा सांगा."

"कोण बोलतंय?"

"मी! तुमची सून!"

"आवाज तर तसाच आहे," सासूबाई विचारात पडल्या. "पण हल्ली आवाजाचं काही सांगता येत नाही बाई. मी तिकडेच येते. तोंड बघून सांगेन."

आणि फोन ठेवला.

बसने त्या फाटकाशी उतरल्या आणि 'पाल्याबद्दल भेटायचंय' म्हणाल्या. रखवालदाराने विषय विचारला आणि त्यांना सरळ भूगर्भशास्त्राकडे धाडलं. इकडे प्रवेशबाई खिडकीतून वाट बघून कंटाळल्या. शेवटी कुणीतरी पत्ता लावल्यावर त्या धापा टाकत तिथे पोचल्या. बघतात तो काय, सासूबाई विभागप्रमुखांसमोर ऐसपैस बसल्या आहेत, हातात चहा आणि मांडीवर एक चकचकीत दगड.

"या या," प्रमुख म्हणाले. सौम्य माणूस, पण कोपरापर्यंत दगडांची धूळ. "तुमच्या पालक फार समजूतदार आहेत."

"सर, माझं नाव चुकून आलंय. ते आज काढायचंय."

प्रमुखांचा चेहरा पडला. "मॅडम, तुम्हाला धरूनच किमान संख्या भरते. तुम्ही गेलात तर वर्ग बंद. हा नियमसुद्धा तुमच्याच विभागाचा."

"ऐकलंस? आणि तू शिक्षण अर्धवट सोडायला निघालीस," सासूबाई म्हणाल्या.

तेवढ्यात बाईंचा फोन वाजला. रांगेत आरडाओरडा सुरू झाल्याची खबर होती. त्यांचं डोकंच फिरलं. "एवढं आहे ना आई, तर तुम्हीच बसा की वर्गात!"

म्हटलं आणि त्यांनी जीभ चावली. पण सासूबाई रागावल्या नव्हत्या. त्यांनी दगड हलकेच टेबलावर ठेवला.

"शाळा पूर्ण झालीय माझी, तीही विज्ञान घेऊन. पुढे लग्न केलं, ते माझ्याच हौसेने. त्यात कुणाला बोल नाही. पण माझं वय चालेल का?"

सगळ्यांनी दाराकडे पाहिलं. टप्पेसाहेब नुकतेच धापा टाकत येऊन टेकले होते. "वयाची अट..." त्यांनी तोंड उघडलं.

"दुसऱ्या टप्प्यात!" प्रवेशबाई आणि प्रमुख एका सुरात म्हणाले.

पुढचं भराभर झालं. सासूबाईंनी सुनेला आपादमस्तक न्याहाळलं, "हो, तूच आहेस," म्हणाल्या आणि ओटीपी सांगितला. बाईंचं नाव गळालं. वर्ग तेवढ्यापुरता किमान संख्येखाली गेला, तेव्हा प्रमुखांनी डोळे गच्च मिटून घेतले. लगेच बाईंनी सासूबाईंचा अर्ज भरला.

"पालक म्हणून माझ्या मुलाचा नंबर घाल," सासूबाई म्हणाल्या. "त्यालाही जरा जबाबदारी कळू दे."

मुलाला फोन त्यांनी स्वतःच लावला. आईचा तो ठणठणीत आवाज ऐकून त्याने ओटीपी मुकाट्याने सांगितला. घराच्या किल्लीचा विषय त्याने काढला नाही.

संध्याकाळपर्यंत रांग ओसरली. प्रवेशबाई घरी येऊन सोफ्यावर आडव्या झाल्या, तर सासूबाई टेबलाशी बसून नव्या कोऱ्या पेन्सिलीला टोक काढत होत्या.

त्या आता नेमाने वर्गाला जातात. पाठांतर लवकर होत नाही म्हणून चिडतात, पण हाताने दगड ओळखायचा म्हटला की वर्गात त्यांच्यापुढे कुणी टिकत नाही. परवा त्यांनी भिंग घेऊन स्वयंपाकघराचा काळा ओटा या टोकापासून त्या टोकापर्यंत तपासला.

"हा ग्रॅनाइट नव्हे," त्या म्हणाल्या. "गॅब्रो आहे."

"अगं आई, दुकानदाराने ग्रॅनाइट म्हणूनच दिला होता," मुलगा म्हणाला.

"म्हणूनच म्हणते, लाव त्याला फोन."

दुकानदाराने आधी आवाज चढवला. "ग्रॅनाइटमध्ये क्वार्ट्झ असतंच. मग यात ते कुठे आहे दाखवा," असं सासूबाईंनी शांतपणे विचारल्यावर तो नरमला. सोमवारी स्वतः येऊन बघतो, म्हणाला.

"सोमवारी नको," सासूबाई म्हणाल्या. "सोमवारी माझी परीक्षा आहे."