फळीची उजवी कड

सीट अंगणात उतरली तेव्हा सखाराम पडवीत कोयता पाजवत होता. त्याने मान वर केली नाही. दगडावर पाणी शिंपडलं आणि पातं पुन्हा घासायला घेतलं.

"बाबा, आली," बकुळा म्हणाली.

"कोण आली? पावणी हाय काय? पाय धुवायला पाणी देऊ?"

काळी, गुबगुबीत, दोन्ही बाजूंनी फुगलेली ती सीट जांभ्याच्या पायरीला टेकून बसली होती, खरंच शहरातली पाहुणी बसावी तशी. हातखंब्याच्या भंगारात एक नवी मोठी गाडी पुढून चेपून आली होती, तिच्या ड्रायव्हरची ही सीट. कंबरेला आधार, डोक्याला उशी, खाली पुढे-मागे सरकायच्या पट्ट्या. वेल्डर शिवाने ती हेरून आणली होती, आणि आता तो अंगणाच्या कडेला उभा राहून बाप-लेकीकडे आळीपाळीने बघत होता. आगीशी खेळणारा माणूस तो, पण या घरातली आग त्याला नको होती.

सीट बसवायची होती नाकाडीत. नाकाडी म्हणजे सखारामचा ट्रक. पुढे लांब नाकासारखं बॉनेट असलेला, पंचेचाळीस वर्षांचा. असले ट्रक आता चित्रात बघायचे. बर्फाच्या कारखान्यातून लाद्या भरायच्या आणि मिरकरवाड्याच्या बंदरात होड्यांना पोचवायच्या, एवढीच तिची वाट. एकतीस वर्षं ती सखारामने चालवली. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला तशी बकुळाने. नवरा गेल्यावर ती अलोऱ्याच्या सासरहून रिकाम्या हाताने परत आली होती, आणि बापाने त्या हातात चावी ठेवली होती. अकरा वर्षं त्या चावीवर तिचं पोट होतं. कागद मात्र अजून बापाच्याच नावावर.

नाकाडीला सीट कधी नव्हतीच. फळी होती. सखारामच्या बापाची होडी खडकावर फुटली, तेव्हा तिच्या सागवानातून सखारामने ती स्वतः तासली होती, या दारापासून त्या दारापर्यंत एकसलग. एकतीस वर्षांत फळीला खळगा पडला, सखारामच्या बसण्याचा. आणि अकरा वर्षं बकुळा दुसऱ्याच्या अंगाच्या त्या साच्यात बसत आली. कंबर एकीकडे, मणका दुसरीकडे. या उन्हाळ्यात डॉक्टरांनी तिच्या पाठीचा फोटो उजेडाला धरून सांगितलं होतं: त्या फळीवर आणखी एक हंगाम काढलात, तर पुढे बसणं नाही, फक्त निजणं.

"फळी काढतेय मी आज," बकुळा म्हणाली.

सखारामने कोयत्याच्या धारेवर अंगठा फिरवला. "काढ. फळी गेली की गाडी गेली."

"म्हणजे?"

"आरे-वाऱ्याचा तो हॉटेलवाला दोनदा येऊन गेला. त्याला नाकाडी दारात उभी करायची हाय. नाकावर कुंड्या ठेवील, आत लोक बसून फोटो काढतील. त्याला गादीची गाडी चालते. मला नाय चालत."

"माझी पाठ गेली तरी चालेल?"

"माझी गेली होती काय? एकतीस वर्षं!"

"तुमच्या बुडाचा खळगा हाय तो, बाबा! तुमाला कशाला टोचेल?"

चुलीपाशी यमुनाबाई, बकुळाची आई, भाकरी थापत होती. या घरात जी गोष्ट कोणाला तोंडावर सांगायची नसे, ती ती ओवीत घालून भिंतीला सांगत असे. आत्ताही तिने परातीवर थाप मारली.

*बापाची ग लेक, बापाहून हट्टी,*
*दोघांच्या ग मधी माझ्या काळजाची भट्टी.*

"तू गप गो!" दोघं एकदमच ओरडली.

मग सखाराम उठला. कोयता नाकाडीच्या आत, दाराच्या खिशात नेऊन खोचला. दोरखंड, गोणपाट कापायला तो तिथेच असायचा, आणि पावसाळ्यात पाजवून पुन्हा तिथे ठेवायचं काम त्याचंच. खाली उतरून तो शिवाकडे बघत बोलला, लेकीकडे नाही.

"तिला सांग. मासेमारीची बंदी उठली की पयल्या दिवशी, भरल्या गाडीनिशी, बंदराच्या उतारावर नाकाडी उलटी घालायची. चाक एकदा मागे निघालं की पुढे यायचं नाय, पार पाण्यापर्यंत. जमलं तर कागद तिच्या नावावर करतो. नाय जमलं तर चावी आरे-वाऱ्याला."

"अकरा वर्षं रोज घालतेय मी उलटी," बकुळा शिवालाच म्हणाली. "त्यांना सांग, मंजूर."

"काका इथंच हायत ना," शिवा पुटपुटला. पण त्याचं कोणी ऐकलं नाही.

फळीचे बोल्ट गंजून एक झाले होते. शिवाने ते ग्राइंडरने कापले. दोघांनी मिळून फळी बाहेर काढली तेव्हा उजेडात ती पहिल्यांदाच पूर्ण दिसली: ड्रायव्हरच्या जागी खळगा, काळाभोर, घामाने तुकतुकीत. आणि उजवीकडे, दाराच्या बाजूला, कड गोल होऊन झिजलेली, देवळाच्या उंबऱ्यासारखी मऊ. बकुळाने त्या कडेवरून बोट फिरवलं. ही इथे का झिजली असेल, असं तिच्या मनात आलं असेल-नसेल, तोवर शिवाने हाक मारली, "ताय, माप घ्यायला या."

पडवीतून सखाराम तिचं ते बोट बघत होता. त्याचं तोंड उघडलं. मग त्याने ते मिटलं, आणि मिटल्यावर ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. रागावलेल्या माणसाला हसू येतं ना, तसं.

माप मात्र दोघांनी चोख घेतलं. बकुळा सीटवर ताठ बसली. डोकं आणि छप्पर यांत चार बोटं. पाय क्लचवर पुरता दाबला जातोय. स्टिअरिंग पोटाला लागत नाही. सीट उंच होत होती म्हणून शिवाने खालची लाकडी पेटी कापली, लोखंडी अँगल टाकले, चार बोल्ट आवळले. दुपारपर्यंत पाहुणी घरची झाली. बकुळाने पाठ टेकली. कंबरेखाली कोणीतरी तळहात धरावा तसा तो आधार लागला, आणि कितीतरी महिन्यांनी तिने श्वास पोटापर्यंत घेतला. डोळ्यांत पाणी आलं ते तिने शिवाला दिसू दिलं नाही.

डावीकडची जागा रिकामीच राहिली. फळी अख्खी निघाली होती, आणि नवी सीट एकट्या माणसाची.

फळी सखाराम घरात घेऊन गेला. खाली दोन चिरे लावून पडवीत तिचं बाकडं केलं, आणि रस्त्याकडे पाठ करून बसू लागला.

बंदी उठल्याचा पहिला दिवस उजाडला. होड्या आदल्या रात्रीपासूनच गजबजल्या होत्या, डिझेल भरून झालं होतं, थांबलं होतं ते बर्फासाठी. बकुळाने लाद्या भरून, वर गोणपाट अंथरून नाकाडी बंदरावर आणली. सकाळचे साडेसात. उताराच्या तोंडाशी सखाराम आधीच येऊन उभा होता, धुतलेला सदरा घालून. असा सदरा तो लग्नाला घालायचा, नाहीतर मयताला.

"आलास सखा?" कोणीतरी विचारलं.

"बघायला आलोय," तो म्हणाला.

बंदराचा तो उतार ट्रकापेक्षा जेमतेम दोन हात रुंद. डावीकडे भिंत, उजवीकडे धक्क्याची उघडी कड आणि खाली भरतीचं पाणी. बकुळाने रिव्हर्स टाकला. चाक मागे निघालं. रोजच्यासारखं तिने उजव्या हाताने दार उघडलं, आणि रोजच्यासारखं बाहेर सरकायला गेली.

सरकता आलं नाही.

सीटची फुगलेली उजवी बाजू मांडीला अडली, पाठीची खांद्याला. ती अर्धी वळली, पुन्हा आत ढकलली गेली. नव्या गाडीची सीट ती. माणसाने जागचं हलू नये म्हणूनच केलेली.

आणि इथे हलल्याशिवाय उलटी गाडी घालताच यायची नाही. नाकाडीच्या आरशात मागच्या लाकडी हौद्याची बाजू दिसते, मागचं चाक दिसत नाही. चाक बघायचं तर दार उघडून, फळीच्या टोकावर एका मांडीने बसून, अर्धं अंग बाहेर काढून मागे बघायचं. सखारामने एकतीस वर्षं तसंच केलं, तिनेही. फळीची कड झिजली होती ती यामुळेच. माप घेताना ती ताठ बसली होती. उतारावर मात्र ती आजवर कधी ताठ बसलीच नव्हती.

तिने ब्रेक दाबला. लाद्या एकमेकींवर आपटल्या.

"काय झालं गो?" होडीचा म्होरक्या तांडेल वरून ओरडला. "बर्फ देतेस की पाणी?"

"गादी रुतली वाटतं बकुळाला!"

"उशी घे, झोप काढ थोडी!"

बकुळाने बापाकडे बघितलं. तो हसत नव्हता. हाताची घडी घालून, ज्याला सगळं आधीच ठाऊक आहे तसा उभा होता. आणि त्याच क्षणी तिला पडवीतून बघणारे त्याचे डोळे आठवले, आणि कडेवरून फिरलेलं स्वतःचं बोट.

"ठाऊक होतं तुमाला!" ती उघड्या दारातून ओरडली.

"होतं."

"बोलला नाय!"

"तू विचारलंस काय?"

"मी पाण्यात गेले असते तर?"

सखारामची घडी सुटली. हात खाली आले, पण काय करावं ते त्या हातांना कळेना. "तू थांबली असतीस," तो म्हणाला. "शिकवलंय मी तुला."

"शिकवलंय!" ती थुंकली, सरळ बंदराच्या पाण्यात. "शिवा! चाकामागे उटीचा दगड लाव. दोन्हीकडे."

बघ्यांतून शिवा धावला. दगड चाकाला भिडल्याचा आवाज आला. हौद्यातून पाणी ठिबकायला लागलं होतं. बकुळाने दाराच्या खिशातून कोयता ओढला.

"गो, काय करतेस?" सखाराम पुढे आला.

"चाक पुढे यायचं नाय, एवढंच म्हणालात ना? उभं राहायचं नाय असं म्हणाला नाय."

तिने सीटच्या उजव्या फुगवट्यात कोयता घातला. पातं इतकं धारदार की काळं कापड कुरकुर न करता उघडलं, आतला पिवळा फोम साल काढलेल्या फणसासारखा बाहेर आला. आत सळी लागली. ती तिने पान्याने दाबून खाली वाकवली. पाठीचा फुगवटाही खांद्यापर्यंत उतरवला. फोमचे तुकडे बाहेर फेकले, ते सखारामच्या पायाशी पडले. कंबरेचा आधार तेवढा तिने राखला. तीन आठवडे जपलेली सीट तिने सात-आठ घावांत सोलली. या वेळी कोणी हसलं नाही.

मग ती उजवीकडे सरकली. मांडी कडेवर बसली, अर्धं अंग बाहेर आलं. मागचं चाक दिसलं, धक्क्याच्या कडेपासून वीतभर.

"काढ दगड," ती म्हणाली.

नाकाडी हळूहळू मागे गेली, म्हातारी गाय गोठ्यात शिरावी तशी, कुठेही न लागता. पाण्याशी येऊन थांबली. तांडेलाने पहिली लादी खांद्यावर घेतली आणि चाळीस लाद्या उतरेपर्यंत बाप-लेकीकडे कोणी बघितलं नाही, मुद्दामच.

परत निघताना सखाराम डावीकडचं दार उघडून आत चढला. आत नुसता पत्रा होता.

"बसू कुठं?"

"फळी तुमीच नेलीत घरी. उभे रहा."

तो उभा राहिला. छपराला डोकं लागत होतं म्हणून मान वाकवून, दोन्ही हातांनी पुढचा दांडा धरून. बंदरापासून घरापर्यंत प्रत्येक खड्ड्यात त्याचं डोकं पत्र्यावर वाजलं. बकुळाने एकही खड्डा चुकवला नाही. तिची पाठ मात्र दुखत नव्हती.

घरी त्याने पत्र्याच्या पेटीतून कागद काढले आणि लेकीसमोर, जमिनीवर टाकले.

"उद्या आरटीओत जाऊ. शब्द दिलाय म्हणून. नायतर..."

"नायतर काय?"

तो पडवीत गेला. थोड्या वेळाने करवतीचा आवाज यायला लागला. बकुळा उंबऱ्यात आली. चिऱ्यांवरची फळी त्याने उलटी करून मधोमध खूण केली होती, आणि ट्रकाच्या डाव्या बाजूच्या मापाने कापत होता. खळग्याचा तुकडा राखून.

"मी नेणार नाय तुमाला," ती म्हणाली.

"तुझी गाडी होईस्तवर माझी हाय."

आत भाकरीवर थाप पडली.

*होडीची ग झाली फळी, फळीचे ग दोन भाग,*
*एका गाडीमधी दोन, शेजारी ग बसे राग.*

"आये, पुरे!" बकुळा ओरडली. मग करवतीकडे बघून, त्याच आवाजात: "खुणेच्या बाहेर चाललीय. वाकडी कापताय."

"मला शिकवू नको," सखाराम म्हणाला. पण करवत थांबवून त्याने डोळे फळीच्या जवळ नेले आणि खूण हाताने चाचपली. "कुठं?"

"उजवीकडं," ती म्हणाली, आणि फळीचं दुसरं टोक पायाने दाबून धरलं.