छावणीतला रबरी पुतळा

मित्रांनो, मी एक जुना पुतळा आहे. चौकातला नव्हे; मला घोडा नाही, तलवार नाही, इतकेच काय, कमरेखाली अंगच नाही. रबराची कातडी, आत एक जाड स्प्रिंग आणि चेहऱ्यावर सदाची झोप. एखाद्याचे हृदय बंद पडले तर त्याची छाती कशी दाबायची, हे माणसांनी माझ्यावर शिकावे म्हणून कारखान्यात माझा जन्म झाला.

चकलांब्याजवळच्या एका गावातल्या सहकारी दूध संस्थेने मला आणले. त्याला कारण घडले होते. संस्थेच्या दारात दूध घालायला आलेले हरिबा एका सकाळी कोसळले. लोकांनी कांदा हुंगवला, तोंडात पाणी ओतले, वारा घातला. जे करायला हवे होते ते कुणालाच ठाऊक नव्हते. हरिबा गेले आणि पुढच्याच सभेत मला आणायचे ठरले.

ते दुष्काळाचे वर्ष होते. जनावरे चारा छावणीत आणि त्यांच्यामागे सगळे गावही तिथेच. म्हणून आरोग्य केंद्रातल्या सिस्टर मला छावणीतच घेऊन आल्या. पहिल्या दिवशी माझी फार शोभा झाली! पुरुषांनी मला प्रेत समजून लांबूनच हात जोडले. बायका तर पुढे येईनात. परक्या पुरुषाच्या छातीवर हात कसा ठेवायचा? शेवटी छबुबाई नावाच्या एक खमक्या बाई उठल्या. त्यांनी माझ्या कपाळी कुंकू टेकवले आणि डोक्यावरून जुने लुगडे पांघरले.

"घ्या, झाली बाई! आता कावून लाजताव?"

मग काय विचारता! बायकांनी मला मनसोक्त बडवले. छातीच्या मधोमध दोन्ही तळहात, कोपरे ताठ, जोरात आणि भरभर, आणि दर दाबानंतर छाती पुरती वर येऊ द्यायची. सिस्टर सारख्या बजावत होत्या, "माणूस ओ देत नसेल, नीट श्वास घेत नसेल, तर आधी १०८ला फोन. मग गाडी येईपर्यंत हात थांबवायचे नाहीत. दमलात तर दुसरीने घ्यायचे." सगळ्यांत सुरेख दाबले ते मुक्ताबाईंनी. दर साल ऊसतोडीला जाणाऱ्या त्या बाईंच्या दंडांत काय ताकद होती! मला त्यांचे फार कौतुक वाटले.

पण छबुबाईंच्या युक्तीत एक गोम होती. मी बाई झाल्यामुळे पुरुष माझ्याजवळ फिरकलेच नाहीत. छावणीत शिकल्या त्या फक्त बायका.

आठवडा झाला असेल. टँकरपाशी मुक्ताबाईंचे सासरे मोहनराव हंडा उचलता उचलता आडवे झाले. या सुनेने त्यांच्यासमोर कधी डोईवरचा पदर ढळू दिला नव्हता. सासरेही काही सांगायचे तर "सूनबाईला सांगा" असे दुसऱ्याकरवी सांगत. त्या धावत आल्या.

"मामा! ओ मामा!"

मोहनरावांनी ओ दिली नाही. मधूनच एखादी उचकी लागल्यासारखा श्वास, बस्स. पुरुषांचे पुन्हा तेच सुरू झाले, कांदा आणा, पाणी आणा. मुक्ताबाईंनी पदर कमरेला खोचला तसे म्हातारे तात्याबा ओरडले, "अगं, सून हायेस तू! सासऱ्याच्या छातीला हात लावतीस?"

"मामाच ऱ्हायले न्हाई तर पदर कुणाम्होरं घेऊ?" त्या म्हणाल्या. "सरका! फोन लावा १०८ला!"

आणि त्या दाबू लागल्या. ताडपत्रीखालून मी सगळे पाहत होतो. घामाने त्यांचे केस कपाळाला चिकटले, दंड थरथरू लागले, तशी छबुबाईंनी जागा घेतली. मग पुन्हा मुक्ताबाई. तात्याबाही हातातल्या टोपीने दोघींना वारा घालू लागले. गाडी धुरळा उडवत आली तरी बायकांचे हात थांबले नव्हते. गाडीतल्या डॉक्टरांनी यंत्राचा झटका दिला, पुन्हा दाबले, पुन्हा दिला. मोहनरावांची नाडी लागली. त्या क्षणी मला रडता आले असते तर मी नक्की रडलो असतो.

छावणी मोडण्याआधी सिस्टरांनी मला पुन्हा मधोमध मांडले. पुरुष पुन्हा कडेलाच उभे. तेवढ्यात इस्पितळातून परतलेले मोहनराव हळूहळू पुढे आले आणि माझ्यापाशी खाली बसले. मग सुनेकडे वळून, आयुष्यात पहिल्यांदाच थेट तिच्याशी बोलले.

"मुक्ता, मला दाव कसं दाबायचं ते. उद्या तू पडलीस, तर म्या काय नुसता बघत ऱ्हाऊ?"

मुक्ताबाईंच्या डोळ्यांत पाणी आले. त्यांनी सासऱ्यांचे दोन्ही हात धरले आणि माझ्या छातीवर ठेवले. मागे पुरुषांची रांग लागली. सगळ्यांत पुढे तात्याबा होते.

मित्रांनो, आज मी संस्थेच्या खोलीत पेंडीच्या पोत्यांवर पडून असतो. माझा एक कान उंदरांनी खाल्ला आहे, पण छाती अजून शाबूत आहे. मला खाली काढा, धूळ झटका आणि शिकून घ्या. तुमच्या घरचे कुणी पडेल, तेव्हा आपले आणि परके, बाई आणि पुरुष, हे ठरवायला वेळ नसतो.